काळ्या कॉफीचा गडी

चिखलीच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीतला हा गडी परीक्षा आली की अन्नावर नाही, काळ्या कॉफीवर जगायचा. तांब्याभर कॉफीत मूठभर ग्लुकोज ढवळायचा, उभ्यानं प्यायचा आणि दर घोटाला ओरडायचा, "आली बे ताकद!" त्या ओरडण्यानं छपराची कौलं सरकायची, हे मी स्वतः पाहिलंय.

आठवडाभर त्यानं डोळा मिटला नाही आणि ऐन इतिहासाच्या पेपरच्या सकाळी ओंडक्यासारखा झोपला. पाणी मारलं, चिमटे काढले, पण हा हलेना. पेपर बुडाला तर वर्ष बुडणार! शेवटी ऊन लागू नये म्हणून तोंडावर चादर टाकून आम्ही चौघांनी त्याला बाजेसकट खांद्यावर घेतलं आणि बाजारातून कॉलेजकडे पळत सुटलो.

धान्याच्या व्यापाऱ्यांनी टोप्या काढून हात जोडले. एका म्हाताऱ्यानं तर हंबरडाच फोडला, "तरणाताठा पोरगा गेला रे बाप्पा!"

त्यासरशी बाजेवरचा गडी ताडकन उठून बसला. निम्मा बाजार पळाला, म्हातारा जागीच थिजला. घंटेला अजून वेळ होता. आमचा जीव भांड्यात पडला. हा मात्र शांतपणे म्हाताऱ्याला म्हणाला, "आतापासून रडून काऊन राह्यले, काका? पेपर तर होऊ द्या!"