चौथा उद्गार

प्रिय रूथ आणि अनुग्रह,

गेल्या रविवारी फोनवर रूथने मला विचारलं, "आजी, देव नाहीच, असं तुला कधी वाटलं का?" मी लगेच उत्तर दिलं, "कधीच नाही." पाठोपाठ तुमच्याकडच्या थंडीची चौकशी केली आणि फोन ठेवला. ते उत्तर खोटं होतं. पस्तीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं. चुकलेलं वाक्य तसंच सोडून द्यायची मला सवय नाही. खरं उत्तर लिहायचं तर सोनाक्काबद्दल लिहावं लागेल. तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेले नाही, कारण तिचा मला फार मत्सर वाटायचा.

सोनाक्का प्रार्थनेत डोळे मिटत नसे. देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांनी "प्रार्थना करू या" म्हटलं की सगळी मंडळी माना खाली घालून डोळे मिटायची, आणि ही दुसऱ्या बाकावर टक्क डोळे उघडे ठेवून समोर बघत बसलेली. मुलं हसायची. मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची शिस्त माझ्याकडे असल्यामुळे एकदा मी तिला बाजूला घेऊन समजावलं. ती म्हणाली, "मालकासंगं बोलताना कुनी डोळं मिटतं व्हय, बाई? आनि तुमी तरी कुठं मिटल्यात? मग तुमाला दिसलो कसा मी?"

आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारखी ती स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलायची. गाव शिरोळकडचं. कोल्हापुरात एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात ती आया होती आणि कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या अलीकडे दोन खोल्यांत एकटी राहायची. अक्षरओळख नाही. मिश्रीने दात काळे झालेले. उपदेश सुरू झाला की झोपायची आणि संपला की सगळ्यांच्या आधी मोठ्याने आमेन म्हणायची. कुणाच्या घरी जेवण असलं तर वाढणाऱ्याला हाक मारून दोनदा रस्सा मागून घ्यायची. यातलं मला काही आवडत नसे.

पण मंडळीत कुणी आजारी पडलं की पाळकसाहेबांच्या आधी तिला निरोप जायचा. मी महिला मंडळाची अध्यक्ष. माझ्या प्रार्थना वहीत विषयवार लिहिलेल्या असत. शाळेतल्या एका सहकारी बाईंची आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी आदल्या दिवशी तयारी करून गेले. मी वाचत असताना म्हातारीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि लेकीला विचारलं, "सोना आली न्हाई का अजून?" मी उरलेली प्रार्थना संपवली, चहा घेतला आणि घरी आले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शिकलेली मी, तीन पिढ्यांची ख्रिस्ती मी, आणि देवाने आपला उजेड ठेवायला सोनाक्काचं घर निवडावं, हे मला अन्यायाचं वाटत होतं.

मग तुमचे आजोबा गेले. नव्वदच्या दशकातला शेवटचा काळ होता तो. त्यानंतर मी रोज सकाळी सहाला पूर्वीसारखीच प्रार्थनेला बसायची, पण पलीकडे कुणी नसायचं. अमावास्येच्या रात्री आपल्याच घरात दिव्याचं बटण सापडू नये तसं मला व्हायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. अध्यक्षबाईंचा विश्वास हलला, हे मंडळीला कळून चाललं नसतं. माझ्या वह्या उलट आणखी नीटनेटक्या झाल्या.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन अशी उपासना असते. वधस्तंभावर येशूने काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून दिलेले असतात. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा भाग वाचायचा आणि त्यावर दहा मिनिटं बोलायचं. भर दुपारी देशभर अंधार पडला आणि देवाने मला का सोडलं असं येशूने विचारलं, तो चौथा. तो अकरा वर्षं माझ्याकडे होता. माझं भाषण ठरलेलं असायचं: अंधार फक्त तीन तासांचा होता, पुनरुत्थानाचा उजेड कायमचा आहे. लोक म्हणायचे, बाईंचा उद्गार ऐकण्यासारखा असतो.

आजोबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी नवे पाळकसाहेब आले होते. वक्त्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून फळ्यावर लावायचं काम माझ्याकडेच असे. त्यांनी कच्ची यादी हातात दिली. चौथ्या उद्गारापुढे सोनाबाईंचं नाव होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. मी ती यादी लिहिली, तिचं नाव लिहिताना अक्षर जरा बारीक काढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनाक्का दारात उभी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तो भाग वाचून दाखवावा आणि काय बोलायचं ते शिकवावं, असं तिचं म्हणणं. आणि मी जे केलं ते आता लिहिते. कपाटातून माझी जुनी टिपणं काढली आणि त्यातलं सगळ्यात अवघड निवडलं. परित्याग, प्रायश्चित्त, मध्यस्थी, असले शब्द एका वाक्यात तीन-तीन. तिला म्हटलं, हेच शब्दशः पाठ करा. चार संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून ते घोकत होती. जीभ अडखळली की स्वतःच्या कपाळावर हात मारून पुन्हा सुरू करायची. ती सगळ्यांसमोर अडखळावी म्हणूनच मी ते शिकवत होते, हे मला चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी तिची पाळी आली. वाचन पाळकसाहेबांनी केलं. तिने पहिली दोन वाक्यं बिनचूक म्हटली आणि थांबली. तिसरं येईना. रूथ, त्या क्षणी मला आनंद झाला. देवळात, त्या दिवशी, त्या तासाला.

मग ती म्हणाली, "बाईंनी चार दिस शिकीवलं, लई झ्याक हुतं. इसरलो मी. आता माझं मला यील तसं बोलतो."

तिने सांगितलं, तिला एक मुलगी होती, सहा वर्षांची. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिने नुकताच बाप्तिस्मा घेतला होता त्या पावसाळ्यात पोरीला ताप चढला. कृष्णेचं पाणी गावाच्या दोन्ही बाजूंनी आलेलं, ट्रॅक्टरसुद्धा पलीकडे जाईना. भरदुपारी मुलगी मांडीवर गेली. भावकी म्हणाली, नव्या देवाने हेच दिलं का तुला. ती कोल्हापुरात आली, कामाला लागली, देवळातही येऊ लागली.

"पर तीन वर्सं मला देव दिसला न्हाय," ती म्हणाली. "यायचो, बसायचो, उठून जायचो. कुनाला सांगितलं न्हाय. मानसं म्हटली असती, हिचा इस्वास कच्चा. मग एका शुक्रवारी हितंच बसून ऐकलं. देवाचा लेक, आनि त्यो बी इचारतोय, मला का सोडलंस म्हून. म्या म्हटलं, मंग मी कच्ची न्हाय. ह्यो बी हितंच हाय, माझ्या शेजारी, अंधारात. उजेड मागनं आला. आदी सोबत आली."

एवढं बोलून ती खाली बसली. दहा मिनिटांतली चारसुद्धा झाली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी रडत होतं. मला रडू आलं नाही. तिच्या उजेडाचा मत्सर मला पूर्वीपासून होता. आता तिच्या अंधाराचाही वाटू लागला. माझ्याकडे अगदी तसलाच अंधार होता आणि मी तो दोन वर्षं घडी घालून कपाटात ठेवला होता.

ईस्टर झाल्यावर मी बावड्याला तिच्या घरी गेले. हवेत मळीचा वास होता. ती दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, सोनाक्का, तुम्हाला मी मुद्दाम अवघड शिकवलं. तिने मान वर केली नाही.

"ठावं हाय की. पोटात दुखत हुतं तुमच्या."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"मी ज्या शुक्रवारी ऐकलं म्हटलो, त्या शुक्रवारी तुमीच वाचला हुता. भाषन न्हाय कळलं तुमचं, खोटं कशाला बोलू. आदी वाचून दावलं तेवडंच कळलं. तेवड्यावर मी आजपत्तूर हाय."

म्हणजे तो उजेड माझ्याच तोंडून तिच्याकडे गेला होता आणि जाताना माझ्याकडे थांबला नव्हता. मी तिला पहिल्यांदा सांगितलं की तुमचे आजोबा गेल्यापासून मला काही दिसत नाही, देव आहे असंही वाटत नाही. मला वाटलं, आता ती प्रार्थना करील. तिने ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बसा वाईच. च्या ठेवतो." आम्ही चहा प्यायलो. उठताना तिने पुन्हा यायला सांगितलं. मी जात राहिले.

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी चौथा उद्गार पुन्हा तिलाच देऊ केला. ती म्हणाली, "माझं बोलून झालं. औंदा बाईंना द्या." मी उभी राहिले. खरं बोलायचं ठरवून गेले होते, तरी हातात कागद होता, आणि मी कागद वाचला. तीन तासांचा अंधार, कायमचा उजेड. बाहेर पायऱ्यांवर सोनाक्का चप्पल शोधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कागद झ्याक हुता, बाई." मंडळीतल्या दुसऱ्या कुणाला तो टोमणा कळला नसेल.

ती गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. जिथे आया म्हणून राबली त्याच वॉर्डात शेवटचे दिवस होती. मी भेटायला गेले की प्रार्थना नको म्हणायची. "वाचा," म्हणायची, आणि मी बायबल वाचायची. शेवटच्या वेळी तिला मधेच झोप लागली, तरी मी पाठ संपेपर्यंत वाचत राहिले. तिच्या मातीला एवढी माणसं आली की कबरस्तानाच्या फाटकाबाहेर लोक उभे होते. माझ्या वेळी इतकी येतील का, हा विचार माझ्या मनात तिथेही आलाच.

तर रूथ, खरं उत्तर असं आहे. तुमचे आजोबा गेल्यावर देव नाही असं मला वाटलं, बराच काळ वाटलं, आणि ते मी एका आयेला सोडून कुणालाही सांगितलं नाही. नंतर थोडा उजेड आला, पण तो रोज असतो असं नाही. सोनाक्काचा मत्सर अजून गेलेला नाही. सकाळी सहाला मी अजूनही प्रार्थनेला बसते.