घरी कसे जाणार?

देवानं भीती वाढायला घेतली तेव्हा पंगतीत पहिले आमचे साडू बसले असणार, कारण पातेलं त्यांच्याच पानात रिकामं झालंय. बाकीच्या पिंपरी-चिंचवडला तळाची खरवड तेवढी मिळाली, आणि तेवढ्या भांडवलावर ही माणसं डंपर आणि बसच्या मधल्या फटीतून दुचाकी घालतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळे काळेवाडीत, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांनी उभी हयात काढली, पण शिडीवर एकदाही पाय ठेवला नाही. वरच्या फळीवर कुणाचा माल असला तर ते त्याला गोड बोलून दुसऱ्या शिफ्टला यायला सांगायचे.

घरात कुकर लागला की साडू गॅलरीत, आणि गॅलरीच्या कठड्याचीही भीती असल्यामुळे गॅलरीत भिंतीला पाठ लावून. लिफ्टमध्ये ते बसत नाहीत. जिन्यानं चढतात, तेही आतल्या अंगानं, कारण बाहेरच्या अंगाला कठडा आणि कठड्यापलीकडे काय असतं ते आपल्याला ठाऊकच आहे. गीझर ताईनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, लावायचा, ताईनं बंद करायचा, आणि मग साडूंनी वायरला हात न लावता बराच वेळ नुसतं बघून खात्री करायची. मला वाटायचं, लहानपणी काहीतरी घडलं असणार. एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, ‘‘छे हो दिलीपराव, आजवर कधी काही झालेलं नाही. म्हणून तर भीती वाटते.’’

पण त्यांची खरी भीती स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यासाठी जास्त. घरातलं कुणीही बाहेर पडलं की पोचल्यावर साडूंना मिस्ड कॉल द्यायचा, हा आमच्या दोन्ही घरांचा कायदा. साडूंनी पहिल्या रिंगला फोन कापला की समजायचं, पोहोच मिळाली. चऱ्होलीची त्यांची मुलगी, तिचा नवरा, माझी बायको भाजीला गेली तर ती, आणि रोज चाकणला कंपनीत जाणारा मी. या सगळ्यांचे कॉल येईपर्यंत साडू दिवाणखान्यात पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, नाडी बांधून, खुर्चीच्या टोकावर बसलेले असतात. ‘‘निघायची वेळ आली तर बूट शोधण्यात वेळ जायला नको.’’ शेवटचा कॉल आला की मगच बूट निघतात आणि ताटावर बसणं होतं. ताईनं किती वेळा आमटी गरम केली असेल ते तिलाच ठाऊक.

आता अशा माणसाकडे सायकल असावी हाच विनोद. पण आहे. दोन्ही बाजूंना आरसे, पुढे दिवा, मागे दिवा, कॅरिअरला काठी आणि काठीला लाल फडकं. साडू तिच्यावर बसत नाहीत, तिला हातात धरून चालतात. गाड्या निदान सायकलला बिचकतील, नुसत्या माणसाला कोण विचारतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे शहरात जेव्हा सायकल आणि पादचारी सल्लागार समिती नेमायचं ठरलं आणि इच्छुक नागरिकांनी नावं द्यावीत असं पेपरात आलं, तेव्हा पहिलं नाव त्यांचं जाणं साहजिकच होतं. सायकलवाले आणि पायी चालणारे असे दोन्ही गट त्यांच्या एकट्यात येत होते.

मानधन नाही, चहा मिळेल, असं काम. समितीचं काम बघणारे साहेब सज्जन होते. त्यांनी सांगितलं, ‘‘काका, महिनाअखेरच्या बैठकीला नऊ नागरिक घेऊन या. मग तुमचा रस्ता पहिला विषय. माणसंच जमली नाहीत तर मात्र समितीही नाही आणि सिग्नलही नाही.’’ तुमचा रस्ता म्हणजे आमच्या वस्तीसमोरचा तो मोठा रस्ता. चाकणहून येणाऱ्या कंपन्यांच्या बसेस आम्हाला पलीकडे सोडतात, आणि दुभाजकाच्या जाळीतला एक गज कुणीतरी काढून ठेवलाय, त्यातून अंग चोरून आम्ही अलीकडे येतो. डावीकडून कंटेनर, उजवीकडून डंपर, आणि आपण मधल्या वीतभर जागेत, डब्याची पिशवी छातीशी धरून. साडूंनी हा रस्ता जन्मात ओलांडला नव्हता. मी रोज ओलांडायचो, म्हणून त्यांना तिथं पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल हवा होता. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, ताईनं सांगितलं.

झालं, साडू माणसं गोळा करायला निघाले. त्यांची रीत एकच. माणूस निघायला लागला की समोर उभं राहायचं आणि अगदी हळू आवाजात विचारायचं, ‘‘घरी कसे जाणार?’’ एरवी हा साधा प्रश्न, पण साडूंच्या तोंडून ऐकला की माणूस आधी रस्त्याकडे बघतो. एका लग्नात मंगल कार्यालयाच्या दारात ते उभे राहिले आणि तृप्त होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले. दोन बायका घाबरून परत आत गेल्या. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना सोडायला कुणी नाही. त्यांनी साडूंना हाताला धरून गाडीतच बसवलं. साडूंनी वाटेत ड्रायव्हरला प्रत्येक टेम्पो, प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक संभाव्य म्हैस इतक्या कळकळीनं दाखवली की त्यानं सांगवीच्या अलीकडेच गाडी बाजूला घेतली आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, ‘‘काका, उतरता का प्लीज?’’

मी सुचवलं, रविवारी पहाटे सायकली हाणणारे ग्रुप असतात, त्यांना विचारा की. साडू गेले. ती पोरं हेल्मेट-बिल्मेट घालून झकास तयार होती, यायलाही राजी होती. साडूंनी सगळ्यांना नाकारलं. ‘‘त्यांना मजा वाटते हो रस्त्यावर. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला समितीत घेऊन काय करू?’’ म्हणजे नऊ माणसं हवीत, आणि तीही भित्री! त्यासाठी त्यांनी एक परीक्षा काढली होती. उमेदवाराला रस्त्याच्या कडेला न्यायचं, मनगट धरायचं आणि कंटेनर जाताना नाडी बघायची. व्यायामशाळा चालवणारा आमचा शेजारी नापास झाला आणि महिनाभर साडूंशी बोलला नाही. एक निवृत्त शिक्षिका उत्तम मार्कांनी पास झाल्या, पण त्यांना घराबाहेर पडायचीच भीती, त्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता. मला त्यांनी चहाला म्हणून नेलं. टपरीवर उभे असताना मागून डंपर असा काही ओरडत गेला की माझा चहा शर्टावर. बघतो तर मनगट साडूंच्या हातात. ‘‘पास झालात,’’ असं म्हणून त्यांनी चहाचे पैसे दिले.

अशा रीतीनं महिना संपत आला तरी समितीत साडू आणि मी असे दोघंच. साडू ओढल्यासारखे दिसायला लागले. ‘‘दिलीपराव, सगळ्यांकडे गाड्या आहेत हो,’’ ते एकदा म्हणाले, ‘‘गाडीत बसलेल्याला हा प्रश्न कसा कळणार?’’

त्याच आठवड्यात ती संध्याकाळ आली. आमच्या कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही, साहेब म्हणाले ओव्हरटाइम कर, आणि कळवायची काही सोय नाही. सुटलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गेटवर फोन हातात घेतला तर साडूंचे एवढे कॉल की यादी सरकवता सरकवता अंगठा दुखावा. बसमध्ये बसून मिस्ड कॉल दिला. रिंग वाजली. पुन्हा वाजली. वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली. साडूंनी फोन कापला नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. परत लावला, परत तेच. ताई मुलीकडे चऱ्होलीला गेलेली. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘अहो, मघाशी विचारून गेले तुम्ही आलात का म्हणून. ओव्हरटाइम असेल म्हटलं तर ऐकूनच घेईनात. घरीच असतील की.’’ पण मला ठाऊक होतं ते घरी नाहीत. बूट घालून बसलेला माणूस अखेर निघाला होता, आणि मला शोधायला निघायचं म्हणजे जायचा रस्ता एकच होता.

बस गर्दीत मुंगीच्या पावलानं चालली होती. शेजारचा डुलक्या काढत होता, पुढच्या सीटवर कुणीतरी मोबाईलवर रील बघून हसत होतं, आणि मला काळ्या डांबरावर पडलेला एक पांढरा कॅनव्हासचा बूट दिसत होता. डोळे मिटले तरी दिसायचा. एवढी वर्षं त्या भीतीला हसलो आणि आता ती माझीच झाली होती. शेवटी आमचा थांबा आला. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला गर्दी. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला गर्दी एकाच कारणासाठी जमते. बस पुरती थांबायच्या आधीच मी उतरलो. ‘‘सरका, सरका हो,’’ म्हणत मी घुसलो.

आत, थांब्यामागच्या रफिकभाईंच्या गॅरेजसमोर, एका जुन्या टायरवर, साडू बसले होते. दोन्ही बूट पायात. हातात पाण्याचा ग्लास. मला पाहिल्याबरोबर त्यांनी माझं मनगट धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि म्हणाले, ‘‘फारच जोरात चाललीय हो.’’ मी तिथंच खाली बसलो. फोन कुठाय विचारलं तर तो घरी चार्जिंगला. साडूंना रस्ता कसा ओलांडलात विचारलं तर म्हणाले, ‘‘आठवत नाही. तुम्ही आला नव्हतात, एवढंच आठवतंय.’’

‘‘चाचा तो सीधे चलते आए,’’ रफिकभाई म्हणाले. ‘‘मी ओरडलो, थांबा थांबा! ट्रक का ब्रेक लगा, तरी यांचं लक्ष नाही. येताच विचारतात, दिलीपराव दिसले का?’’

मग उतरणाऱ्या प्रत्येकाला साडूंनी तेच विचारलं होतं, आणि माणूस ‘नाही’ म्हणून निघाला की सवयीनं पुढचाही प्रश्न, ‘‘तुम्ही घरी कसे जाणार?’’ लग्नातले लोक या प्रश्नानं पळाले होते. इथं एकही हललं नाही. कंपनीचा निळा कोट हातावर टाकलेली एक बाई म्हणाली, ‘‘काका, घरी गेल्यावर सगळे विचारतात, उशीर का झाला. कशी आलीस, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.’’ आणि तिला एकदम रडू आलं. बाजूचा दांडगा गडी, मूळ इथल्याच गावचा, मान खाली घालून म्हणाला, ‘‘आमची रानं व्हती हितं. आता हितनंच पलीकडं जायाचं तर भ्या वाटतं. पन गडीमानसानं सांगायचं कुनाला?’’ एक तरुण हसत हसत म्हणाला, ‘‘आपण हात दाखवून घुसतो राव, हिरोसारखं. आत काय होतं ते आपलं आपल्याला माहीत.’’ साडूंनी एकेकाचं मनगट धरलं. मागून कंटेनर जातच होते, परीक्षेला काही कमी नव्हती. सगळे पास. रफिकभाईंनी स्वतः होऊन हात पुढे केला. नऊ कधीच भरले होते, तरी लोक थांबून होते.

अंधार पडायला लागला. मी म्हटलं, ‘‘साडूभाऊ, आता तुम्ही घरी कसे जाणार?’’ त्यांनी त्या रस्त्याकडे पाहिलं आणि आत्ता कुठे त्यांना तो दिसला. ओठ पांढरे पडले. पाऊल उचलेना. ‘‘मी इथंच राहतो,’’ ते म्हणाले, आणि ते थट्टेत नव्हते. शेवटी रफिकभाई गॅरेजमधलं लाल फडकं घेऊन पुढे झाले, साडूंना मध्ये घेतलं, एका हाताला मी, दुसऱ्या हाताला ती निळ्या कोटवाली, आणि भोवती सगळी शिफ्ट. डोळे गच्च मिटून साडू चालले, जाळीच्या फटीतून तेवढे एकेक करून निघालो. गाड्या थांबल्या, हॉर्न वाजले, कुणीतरी शिवी दिली. एवढ्या लोकांनी एकदम कधी तो रस्ता ओलांडला नसेल. घराशी आल्यावर साडूंनी प्रत्येकाला बजावलं, ‘‘पोचलात की मिस्ड कॉल द्या.’’ आणि खरं सांगतो, सगळ्यांनी दिले.

बैठकीला मंडळी अर्धी रजा टाकून आली. साहेबांनी सूचना मागवल्या तर सूचना कुणाकडेच नव्हत्या. प्रत्येकानं उठून एवढंच सांगितलं, की साहेब, तिथं भीती वाटते. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं. सिग्नल लगेच नाही लागला, पण लागला. साडू बघायला आले. दिव्यातला हिरवा माणूस शेवटी शेवटी घाईनं पळायला लागतो, तो पाहून म्हणाले, ‘‘बघा, यालाही वाटतेय.’’ अजूनही ते दोन-तीनदा हिरवा होऊ देतात, मग निघतात.

आता साडू थकलेत. ऐकायला कमी येतं, हाताला कंप आहे. सायकल जिन्याखाली उभी असते. रविवारी मी त्यांच्याकडून निघालो की अजून दारात विचारतात, ‘‘घरी कसे जाणार?’’ मी म्हणतो, ‘‘अहो साडूभाऊ, दोन तर गल्ल्या!’’ ते म्हणतात, ‘‘पोचलात की द्या.’’ मी घरी येतो आणि दारात उभा राहून मिस्ड कॉल देतो. पूर्वी पहिल्या रिंगला कापायचे. हल्ली वेळ लागतो. फोन सापडत नसेल, बोट जागेवर पडत नसेल, काय असेल ते असेल. रिंग वाजत राहते आणि मी परत त्या संध्याकाळच्या बसमध्ये बसलेला असतो. बायको आतून ओरडते, ‘‘अहो, दारात काय उभे? आत या की!’’ मी नुसता हात करतो. साडूंनी फोन कापल्याशिवाय मी पायातल्या चपला काढत नाही.