आशियाचे पाच भाग आणि एक केळवण

भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. दिल्लीतल्या एका शाळेत सातवी-आठवीच्या पोरांना मी दरवर्षी आशिया खंडाचे भाग पाडून दाखवायचे: पूर्व, पश्चिम, दक्षिण, आग्नेय, मध्य. पोरं ते रंगवायची. मध्य आशिया नेहमी फिकट पिवळा असायचा, कारण तोवर चांगल्या पेन्सिलींची टोकं मोडलेली असायची. एखादा आगाऊ पोरगा उठून विचारायचा, "मॅम, मिडल ईस्ट तो हमारे वेस्ट में है, फिर ईस्ट क्यों?" मी त्याला खाली बसवायचे. खरं उत्तर असं, की नकाशा काढणारा जिथे बसलेला असतो तिथून दिशा ठरतात, आणि तो दिल्लीत बसलेला नव्हता. पण हे पेपरात विचारत नाहीत. युरोपचंही तेच. सलग जमीन, मधे एक बेताचा डोंगर, आणि म्हणे त्याच्या पलीकडे निराळा खंड. भाऊबंदकीत लोक घराच्या मधोमध भिंत घालतात, तसला प्रकार.

मी सांगलीची. लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं विचारलं, "आप साउथ इंडियन लोग तो रोज़ इडली खाते होंगे?" दिल्लीच्या हिशेबात आग्रा ओलांडला की मद्रास सुरू होतं. पुणेकरांचा नकाशा याच्या उलटा. त्यांच्या लेखी नगर सोडलं की हिंदी मुलूख लागतो. आणि माझं सासर पडलं ग्वाल्हेरचं, म्हणजे दोन्ही नकाशांतून हद्दपार. दोन पिढ्या दिल्लीत काढलेल्या या मराठी माणसांना दिल्लीवाले दक्षिणेत ढकलतात आणि पुणेवाले उत्तरेत. आमचं कुटुंब अधांतरी लोंबकळत मयूर विहारच्या चौथ्या मजल्यावर राहतं.

घरात एकच व्यक्ती होती जिला या सगळ्याचं काही वाटत नसे, असं मला वाटायचं. ती म्हणजे माझी थोरली नणंद. ताई हिंदूरावला नर्स होत्या. हे हॉस्पिटल आमच्या ग्वाल्हेरच्या माणसाच्या नावाचं आहे, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. लग्न केलं नाही. का, ते घरात कुणी बोलत नसे. मी शाळेत जायचे तेव्हा माझ्या मुलीला त्यांनीच वाढवलं. तिचं बारशातलं नाव त्यांनी ठेवलं, तिला पोहायला त्यांनी नेलं, तिच्या फीच्या भानगडी त्यांनी निस्तरल्या. त्यांचा भूगोल मात्र एका गावाचा होता. मुलगी लहानपणी विचारायची, "आत्या, अमेरिका कुठंय?" ताई म्हणायच्या, "ग्वाल्हेरच्या पलीकडे." जपान? "ग्वाल्हेरच्या बरंच पलीकडे." मी भूगोलाची शिक्षिका, आणि माझ्याच घरात हे शिक्षण चाललेलं.

तर त्या मुलीनं एके दिवशी जाहीर केलं की तिला समरकंदच्या मुलाशी लग्न करायचं आहे. ती गुरुग्रामच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तो तिथेच, आपल्या देशातून उपचाराला येणाऱ्या रुग्णांचा दुभाषा. ताश्कंदला हिंदी शिकलेला. मुलगा सरळ, कामसू आणि माझ्या नवऱ्यापेक्षा चांगली हिंदी बोलणारा. लग्न कोर्टात होणार होतं. मुलीची एकच अट होती: साक्षीदार म्हणून आत्याची सही हवी. "आत्या नाही आली तर मी नाही करणार," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं की ही धमकी नाही, तिचं खरंच अडणार आहे.

आता जावई कोणत्या भागातला, यावर घरात खल सुरू झाला. पुण्याहून नवऱ्याचे एक चुलत भाऊ आले होते. ते निवृत्त बँकवाले, आणि निवृत्त बँकवाल्याला जगातलं सगळं कळतं. ते म्हणाले, "मध्य आशिया म्हणजे बाबर. सरळ मोगल. आपण मराठ्यांनी तीनशे वर्षं काय केलं मग?" मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही तीनशे वर्षं काय केलं ते ठाऊक नाही, पण मागल्या आठवड्यात तुम्ही मोगलाई पराठा दोनदा मागून घेतलात. ते रुसले. खरी अडचण बाबर नव्हतीच. खरी अडचण मुसलमान ही होती, पण तो शब्द आमच्या सुशिक्षित घरात पडदा लावून उच्चारतात.

तोडगा माझ्या नवऱ्यानं काढला. "तो भाग पूर्वी रशियातच होता ना? मग ताईला रशियन सांगू, म्हणजे ती सहीला अडणार नाही. खोटं थोडंच आहे?" आणि काय सांगू, जादू झाली. रशियन म्हटल्यावर धर्माचा विषय पुन्हा कुणी काढलाच नाही. भाऊजी म्हणाले, रशियन लोक आपले जुने मित्र. एकाच माणसाला बसल्या जागी, त्याला न विचारता, एका भागातून उचलून दुसऱ्यात टाकला आणि सगळ्यांना भूक लागली. मला याची चीड आली, पण मुलगी म्हणाली, "आई, प्लीज. आधी आत्याचं होऊ दे." 

ताईंनी खूश होऊन केळवण ठरवलं. द्वारकेच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे पोचलो. पाटाभोवती रांगोळी, पुरणपोळी, अळूवडी, मसालेभात. लिफ्टमध्ये नवऱ्यानं होणाऱ्या जावयाला पढवून ठेवलं होतं, की रशियाचं कुणी विचारलं तर नुसती मान हलवायची. मुलगा लिफ्टच्या बदलत्या आकड्यांकडे बघत राहिला होता.

दुसऱ्या पोळीला भाऊजींनी तोंड उघडलं. "तो आप मॉस्को के आसपास के हैं?"

मुलीनं मान खाली घातली. माझ्या नवऱ्यानं पाण्याचा घोट घेतला आणि तो तोंडातच धरून बसला.

"जी नहीं, समरकंद का," मुलगा म्हणाला. "मॉस्को में दो साल पढ़ा हूँ।"

"पण ते पूर्वी एकच ना? रशियाच तो."

"उन्हें ऐसा नहीं लगता।" तो शांतपणे म्हणाला. "वहाँ मकान-मालकिन ने मुझे देखते ही कह दिया, तुम एशिया वालों को कमरा नहीं देते।"

ताई तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं.

"मुसलमान हो?"

"जी, बुआ जी।"

मला वाटलं, संपलं. मुलीचा घास हातातच राहिला होता. ताई माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "अच्छा. म्हणून रशियन. अरे, मला बुद्धू समजतोस काय? घरात भूगोलाची बाई आहे, नकाशा तरी आणायचास. मला खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? काय केलं असतं, बोल ना!"

त्यानं तोंडातलं पाणी गिळलं.

मग त्या भाऊजींकडे बघत बोलल्या. "आणि तू रे, तुझ्याच आईनं मला पुण्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा मला आवडला होता, बिल्कुल आवडला होता. त्यांचा निरोप काय आला, आठवतो? मुलगी उत्तरेकडची आहे, आपल्यात बसायची नाही." एवढं बोलून त्यांनी पुन्हा भांडं उचललं, जावयाच्या पोळीवर तूप वाढलं आणि आत निघून गेल्या. बाहेर काही आल्या नाहीत. आम्ही उरलेलं जेवण संपवलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. इतकी हसरी बाई, आणि आम्ही सगळे तिला एका गावापुरतं डोकं आहे असं समजत होतो.

त्यानंतर ताईंनी फोन उचलला नाही. नवऱ्यानं केला, मी केला, मुलीनं तर रोज केला. भाऊजी मात्र सुखरूप पुण्याला पोचले आणि तिथून त्यांनी मला मोगल काळावरचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली.

लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात आमचा नंबर येऊन गेला. मुलगी म्हणाली, थांबू. कारकुनानं दुसऱ्या जोडप्याला आत घेतलं. मुलगी दाराकडे बघत बसली होती आणि मुलगा तिच्याकडे. त्यानं एकदाही घड्याळ पाहिलं नाही, म्हणून मला तो त्या दिवशी मनापासून आवडला. नवरा म्हणाला, दुसरा साक्षीदार बघू का? मुलीनं दारावरची नजरसुद्धा हलवली नाही.

आमच्यामागून आलेली आणखी जोडपीही आटोपली, तेव्हा ताई आल्या. द्वारकेहून मेट्रोनं, एकट्या, ठेवणीतली माहेश्वरी नेसून. माझ्या नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मुलीच्या गालाला हात लावला आणि सरळ टेबलाशी जाऊन बसल्या.

कारकून जरा गप्पिष्ट होता. मुलाच्या गोऱ्या रंगाकडे बघून त्यानं विचारलं, "अम्मा जी, लड़का विदेशी है? रशियन है क्या?"

ताईंनी चष्मा लावला.

"ग्वालियर जानते हो?"

"हाँ जी, क्यों नहीं."

"बस, उससे थोड़ा आगे का है. हमारी तरफ़ का." आणि त्यांनी पेन मागितलं.