कोळसा महागला तो हिवाळा

कोरेगावच्या आमच्या शाळेत आम्ही पाच मास्तर. मधल्या सुट्टीत एकानं घरचं गाऱ्हाणं काढलं की दुसऱ्याला आपलं आठवायचं. किस्से साठणारच! त्यात लढाईमुळे कोळसा भडकला, तो हिवाळा तर विचारूच नका. स्वस्तात घर उबदार कसं ठेवायचं, यावर घरोघरी प्रयोग!

*

जाधव मास्तर सायन्स शिकवायचे. त्यांनी सुताराकडून फुकटचा भुसा आणला, डब्यात ठासला, झाली शेगडी तयार!

भुसा निघाला ओला. घरभर धूर. सगळं घर खोकत अंगणात. वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आवं, आत कवा जायचं? भाईर लय गार हाय!"

*

ड्रिल मास्तर वडूजचे, पलटणीतून परतलेले. त्यांचा हुकूम सुटला, "कोळसा कशाला? बैठका मारा!"

घरची पोरं घामाघूम झाली. थंडी खरंच पळाली! चार दिवसांनी मास्तरांची आई म्हणाली, "लेकरा, पोरं आता दुप्पट भाकरी खात्यात. रेशनवाला ऐकंल व्हय?"

बैठका बंद.

*

गणिताचे अण्णा सांगलीकडचे जैन. मुंगी जळू नये म्हणून सरपणाचं एकेक लाकूड झटकून, निरखून मगच चुलीत घालायचे.

मी विचारलं, "अण्णा, पेटली का चूल?"

"कशाला? झटकून होईस्तोवर ऊन आलं की!"

*

आमचे हेडमास्तर भारी कडक. एकटा जीव. मिनिटाचा उशीर झाला तरी नुसते बघायचे, की घाम फुटायचा.

त्याच हिवाळ्यात धाकट्या कदम मास्तरांची बायको सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी मुठीएवढी. सुईण म्हणाली, "हिला ऊब पायजे. पर धूर न्हाई चालायचा." बाजारात कोळसा औषधालाही नव्हता. घरात होतं ते ओलं बाभळीचं सरपण.

सकाळी घंटा झाली आणि हेडमास्तरांचाच पत्ता नाही! असं कधीच झालं नव्हतं. मी शोधत निघालो. शाळेच्या भिंतीपलीकडेच कदमांचं घर.

अंगणात हेडमास्तर उकिडवे बसलेले. तोंड काजळीनं काळं, डोळे लालभडक. फुंकणीनं लाकडं फुंकत होते. रसरशीत निखारे झाले की सुईण घमेल्यातून आत, बाजेखाली नेत होती.

मी म्हटलं, "सर, घंटा झाली. पहिला तास तुमचा आहे."

सरांनी फुंकणी बाजूला केली.

"मुलांना पाढे म्हणायला सांगा. पण हळू आवाजात. पोरगी आत्ता कुठं झोपलीय."