मामीच्या खुंटीवरची पिशवी

कमलमामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. कोहमाऱ्याच्या नाक्यावर आयुष्यभर चहाची टपरी चालवलेली माझी मामी झोपेतच गेली… पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडवात पुढच्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं? तिला हयातभर ‘घरं मोडणारी’ म्हणणारे आमच्या गावचे मोठे लोक. एकेकाने माइक धरून तिला माउली केलं. मेलेली बाई उलट उत्तर देत नाही, याचा या लोकांना केवढा आधार. तिच्या फोटोला त्यांनी घातलेल्या हारांची मला किळस येत होती.

कारण मला ती दुपार आठवत होती. धानाच्या रोवणीचे दिवस होते. शेतातून परतताना गावातल्याच एका खात्यापित्या घरच्या माणसाने माझ्यावर बलात्कार केला. घरी येऊन आईला सांगितलं, तिने मामीला निरोप धाडला आणि चुलीवर पाणी ठेवलं. आमच्याकडे हेच करतात. आधी डोक्यावरून आंघोळ, मग कपडे जाळायचे, मग गप्प बसायचं. गावातल्या शहाण्यांचा इलाजही ठरलेला असतो. अत्याचार करणाऱ्याच्या घराने गावाला मटणाचं जेवण दिलं की गाव शुद्ध. माझ्यावर जे झालं त्याचा रस्सा भुरकून हे लोक हात धुणार होते, आणि त्याला न्याय म्हणणार होते.

मामी आली, तिने पातेलं उचललं आणि सगळं पाणी अंगणात ओतून दिलं.

“दवाखान्यात जायच्या आधी आंघोळ घालून राहिली का वो पोरीले?”

“लोक का म्हणतीन?” आई रडत म्हणाली.

“लोकायले जेवाचं हाये. तू कायले पाणी तापवून राहिली?”

गोंदियाच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने मोबाइलवरून नजरही न उचलता सांगितलं, “पहले थाने जाओ, रिपोर्ट लाओ.” मामी खुर्ची ओढून समोर बसली. “थाना पळून नाई जात, साहेब. पोरीले आधी औषध द्या. कागदासाठी इलाज थांबवता येत नाई, तुमाले माहीत हाये.” माहीत होतंच त्याला. फक्त हलायचा कंटाळा होता. मग एक डॉक्टरीणबाई आली. प्रत्येक गोष्ट करण्याआधी तिने मला विचारलं. दिवस राहू नयेत म्हणून गोळी दिली, एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं सुरू केली, पुन्हा तपासायला कधी यायचं ते समजावलं. या औषधांना उशीर चालत नाही हे मला तिथे कळलं. आणि गाव मला जेवणावळीपर्यंत थांबवणार होतं…

माझे कपडे पुराव्यासाठी ठेवून घेतले. बदलायला काहीच नव्हतं. मामीने आपली साडी फेडून माझ्या अंगावर घातली आणि स्वतः परकरावर चादर गुंडाळून बसमध्ये बसली. सगळी बस वळून बघत होती. “काऊन पाहून राहिले? बाई नाई पाहिली का कधी?” ती म्हणाली, आणि माना पुढे वळल्या.

तेव्हापासून तिच्या खुंटीवर एक कापडी पिशवी असायची. धुतलेला सलवार-कुर्ता, आतले कपडे, चपला, बिस्किटांचा पुडा. ती घेऊन मामी कुणाकुणाबरोबर दवाखान्यात गेली, मला ठाऊक नाही. तिने कधी नाव घेतलं नाही. तक्रार करायची की नाही हेही ती त्या बाईवरच सोडायची. मी केली. खटला रखडतो आहे, आणि तो माणूस लग्नांमध्ये अजून मानाच्या पाटावर बसतो.

मामीच्या साड्या नातेवाइकांनी वाटून घेतल्या. पिशवी कुणालाच नको होती. ती मी आणली आणि माझ्या खुंटीला टांगली.

मांडवात सगळ्यात लांब भाषण केलेला माणूस परवा माझ्या दारात उभा राहिला. त्या वेळच्या जेवणाची तारीख त्यानेच ठरवली होती. त्याच्या घरातली कोण, ते मी लिहिणार नाही.

“मामीची ते पिशवी… तुह्याजवळ हाये म्हणते.”

त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. आजही वाटतं.

“घरी पाणी तापत ठेवलं का?” मी विचारलं.

त्याने मान डोलावली.

“फोन लावा. ओतून द्या म्हणा,” मी म्हटलं, आणि खुंटीवरून पिशवी काढली. “तुम्ही येऊ नका. मी जाते तिच्यासंग.”