डोळ्यांना आणि ओठांना एकच डबी

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षांच्या प्रतवारीवर सुपरवायझर होते. लिपस्टिक, नेलपेंट, टिकली लावून हॉलमध्ये यायचं नाही, हे मी बायकांना रोज सकाळी बजावायची. गोड बोलणं माझ्या स्वभावातच नाही.

त्या दिवशी परदेशी खरेदीदाराचा माणूस तपासणीला येणार होता. मला फक्त ऑफिसात बसून त्याच्याशी बोलायचं होतं, म्हणून नाशिकहून निघालेल्या गाडीत मी नवी डबी उघडली. बाटलीच्या झाकणाएवढी, आत विटकरी रंगाचं क्रीम. बोटाने ओठांना लावायचं, तेच पापण्यांना. मोबाइलमध्ये बघत लावलं. मागे बसलेल्या, प्रतवारीवरच्या अकरा बायका बघत होत्या. बघेनात का, म्हटलं.

ओझर मागे पडलं आणि मॅनेजरांचा फोन आला. पाहुणे थेट हॉलमध्ये येणार, तुम्ही आतच थांबा. ओढणीने खसाखसा पुसलं. ओठांचं निघालं, डोळ्यांचं निघेना, उलट गालापर्यंत पसरलं. चोळून चोळून डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

गेटवर तपासणीला बसणारी मावशी मला बघून दोन पावलं मागे सरली. "ताई, तुमचे तर डोळे आलेत!"

तेव्हा डोळ्यांची साथ होती. एकीचे डोळे आले तर त्या गाडीतल्या सगळ्यांनी घरी जायचं, हा नियम मीच करून घेतला होता. म्हणजे अकराजणींचा रोज बुडणार. आणि खरं सांगितलं तर मेकअप केला म्हणून मी गेटबाहेर, तेही तपासणीच्या दिवशी. नोकरी टिकेल याची खात्री नव्हती. मी गप्प राहिले. सांगायला लाज वाटते, पण राहिले.

मावशीने माझ्या मागच्या बायकांना विचारलं, "सकाळपास्नं असंच हाय का?"

मग एकजण म्हणाली, "हां, सकाळपास्नंच लाल हायेत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दोघीतिघी तर जेवणाचे डबे उचलून गाडीकडे वळल्याही.

तेव्हा मात्र मला राहवेना. "डोळे नाही आले," मी म्हणाले. "मेकअप आहे. ह्यांना आत सोडा."

मावशीने गेट उघडलं. बायका खाली मान घालून आत जाऊ लागल्या. माझे डोळे लाल आहेत म्हणणारीचा मी दंड धरला. "खोटं का बोललीस गं माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाय, ताई," ती म्हणाली. "खरं बोलले असते तर उद्या तुम्ही मलाच घरी धाडलं असतं."

हात सोडवून घेऊन ती आत गेली.