शेंगोळे, पहिली बाजू

बिघडलेली वस्तू दुरुस्त न करता ठेवणं मला सहन होत नाही. नळ गळत असला तर मला झोप लागत नाही. शाळेत गणित शिकवून हा स्वभाव झाला, की स्वभाव असा म्हणून गणित धरलं, देव जाणे. या स्वभावापायीच मी अप्पांच्या तोंडचा घास अडवला.

आई गेली आणि दोन महिन्यांनी मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उदगीरहून नांदेडला माझ्याकडे आणलं. सोबत आईची पाककृतींची वही, रेकॉर्डींची पेटी आणि जुना रेकॉर्ड प्लेअर आला. सुरुवातीला ते चतकोर भाकरी तरी खायचे. मग तीही सुटली. तीन दिवस नुसतं पाणी. सकाळी डॉक्टर घरी येऊन तपासून गेले आणि दारात मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करा. नाकातून नळी घालावी लागेल."

अप्पांनी ते आतून ऐकलं. "नळी नको," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. मी आईची वही काढली.

आईच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, रेकॉर्डी होत्या. वहीत प्रत्येक पदार्थापुढे तिनं रेकॉर्ड लिहून ठेवलेली. खिचडी: भजनाची छोटी, दोन्ही बाजू. येसराची आमटी: सनईची, अर्धी. शेंगोळे: लाल कव्हरची, पहिली बाजू पूर्ण. अंगठ्याएवढे जाड वळावेत. हुलग्याच्या पिठाचे हे शेंगोळे लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवायचे. रेकॉर्डवर सुई टेकली की उकळीत सोडायचे, वर झाकण ठेवायचं आणि बाजू संपेपर्यंत उघडायचं नाही. अप्पांचा सगळा जीव शेंगोळ्यांवर. ताप असो नाहीतर भांडण, त्यांच्यापुढे ते नरम पडायचे.

प्लेअर आल्या आल्याच मी तो दुरुस्त करून आणला होता. आतला रबरी पट्टा सैल पडल्यामुळे गाणं रेंगाळत वाजायचं. दुरुस्तीवाल्यानं नवा पट्टा टाकला आणि म्हणाला, "आता बघा ताई, एकदम बराबर फिरून राहिला." पण घरात गाणं लावायचं कुणाला मनच झालं नव्हतं.

दुपारी मी सुई टेकवली, शेंगोळे सोडले, झाकण ठेवलं आणि ओट्याशी उभी राहिले. अप्पा उठून पलंगावर बसलेले मला दिसले. बाजू संपताच मी ताट वाढून त्यांच्यापुढे नेलं. त्यांनी एक शेंगोळा तोंडात घातला, दोनदा चावला आणि हळूच तळहातावर काढून ठेवला.

"कच्चा हाय."

"वहीत लिहिलंय तस्संच केलंय, अप्पा! जाडी तीच, बाजू तीच. आता मी काय करू? नळीच घालू का?"

शब्द तोंडातून गेला आणि माझी मलाच लाज वाटली. पण ते माझ्याकडे नाही, प्लेअरकडे बघत होते.

"गाणं लई घाईत हाय आज. पट्टा बदललास का?"

"सैल होता."

"हाव. मीच तसा ठिवला होता."

मला काही कळेना. ते थांबत थांबत बोलायला लागले. "तुझी माय दिवसभर कधी टेकली न्हाई. शेंगोळ्यावर झाकण ठिवलं की तेवढी माझ्यापाशी येऊन बसायची, बाजू संपली की उठायची. पट्टा सैल झाला आन् बाजू जरा लांबली. मग मी कशाला दुरुस्त करतो?" ते थोडं हसले. "आधी ती शेंगोळे बारीक वळायची, करंगळीवानी. मग जाड वळाया लागली. म्हंजे शिजाया तेवढा येळ लागावा. बोललो दोघंबी न्हाई."

मी ताटातले शेंगोळे परत पातेल्यात टाकले आणि गॅस पेटवला. आणखी किती मिनिटं लागतील याचं गणित मला मांडता आलं असतं. मांडलं नाही. सुई पुन्हा पहिल्या बाजूवर ठेवली. अप्पा भिंतीला धरत आले, प्लेअरजवळच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर बोट टेकवलं. गाणाऱ्या बाईंचा आवाज जड झाला, रेंगाळला. 'खराब होईल, अप्पा' हे मी कसंबसं गिळलं.

"बस की," ते म्हणाले.

तेव्हा ध्यानात आलं, ते आल्यापासून मी त्यांच्याजवळ एकदाही बसले नव्हते. ताट ठेवायचं, गोळ्या मोजून द्यायच्या, पेपर तपासायला पळायचं. मी खुर्ची ओढली आणि बसले.

बाजू संपली. अप्पांनी बोट उचललं, पण मी उठले नाही. आईबद्दल ते काही सांगत होते, मी ऐकत राहिले. आतून करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मी धावले. रस्सा आटून शेंगोळ्यांचा गाळ झाला होता आणि तळाला काळं धरलं होतं. मी तसंच वाढून आणलं.

अप्पांनी सगळं खाल्लं आणि पुन्हा वाढायला सांगितलं.